ताण ओळखणारा स्नायू

बाळ झालं, वार पडली, की अनुभवी सिस्टर बाळंतिणीच्या पोटावर तळवा ठेवते. बेंबीच्या आसपास तिच्या हाताला नारळासारखा टणक गोळा लागायला हवा. मऊ लागला, तर ती लगेच पोट चोळायला घेते आणि डॉक्टरांना हाक मारते. बाईचा जीव त्या टणकपणावर असतो.

हा गोळा म्हणजे गर्भाशय. घरोघरी त्याला ‘पिशवी’ म्हणतात. या पिशवीची भिंत मात्र स्नायूंची आहे, आणि ताण पडला की तिला तो कळतो. एरवी ६०-७० ग्रॅमचं गर्भाशय दिवस भरेपर्यंत सुमारे १ किलोचं होतं. १० मिलिलिटरही न मावणाऱ्या पोकळीत ५ लिटर मावू लागतात. सुरुवातीला नव्या पेशी तयार होतात. पुढे ताणामुळे आहेत त्याच पेशी लांब आणि जाड होत जातात.

शरीरातले बरेच अनैच्छिक स्नायू ताणले की आखडतात. रक्तवाहिन्यांचा हा गुण विल्यम बेलिस यांनी १९०२ साली मांडला. गर्भाशयाचा स्नायूही आखडू पाहतो, तरी महिनोन्महिने शांत राहतो, कारण प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक त्याला आवरून धरतं. पेशींमधले दुवे तेव्हा मोजकेच असतात. एका जागी आलेली कळ तिथेच विरते. दिवस भरत आले की हा लगाम सैल पडतो. मग तोच ताण कनेक्सिन-४३ या प्रथिनाचे दुवे वाढवतो, ऑक्सिटोसिन या संप्रेरकाला दाद देणारे पेशींवरचे ग्राहीही वाढतात, आणि सगळी भिंत एकदम आवळते. बाई म्हणते, “कळा सुरू झाल्या.” जुळी बऱ्याचदा लवकर येतात, त्यामागेही हा वाढीव ताण असतो.

वार सुटल्यावर याच स्नायूचं सर्वांत मोठं काम सुरू होतं. त्याचे धागे एकमेकांत आडवेतिडवे विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्यांच्यामधून जातात. धागे आवळले की वाहिन्या दाबल्या जातात, रक्त थांबतं. जुळ्यांनी किंवा जादा गर्भजलाने फार ताणलेली भिंत मात्र कधी कधी ढिली राहते आणि रक्त वाहतच राहतं. म्हणून अशा बाळंतिणीजवळून सिस्टर लवकर हलत नाही.

तो गोळा रोज थोडा खाली उतरतो. दोनेक आठवड्यांत हाताला लागेनासा होतो आणि सव्वा महिना सरता सरता जवळपास मूळ आकाराला येतो. बाळंतिणीला तेवढे दिवस निजू द्यावं. तिच्या पोटात अजून काम चाललेलं असतं.