भाड्याचं घर : भाग 9
करार संपतो त्या दिवशी

शाळांच्या परीक्षा आटोपल्या की वारूळवाडीत टेम्पो दिसायला लागतात. मागे गादी, कपाट, उलटं ठेवलेलं टेबल, आणि वर दोरीनं आवळलेली सायकल. गाव नारायणगावला अगदी खेटून, पुणे-नाशिक रस्ता जवळ, टोमॅटोचं मार्केट जवळ. त्यामुळे इथे शेतजमीन नसलेली पण नोकरीनिमित्त राहणारी माणसं पुष्कळ : शिक्षक, बँकेतले, दवाखान्यातल्या सिस्टर, मार्केटमध्ये हिशेब लिहिणारे. कुणाची बदली होते, कुणी जवळच दुसरी खोली बघतं. मागच्या भागात करार करताना काय पाहायचं ते बघितलं. आज तोच करार संपताना काय होतं, ते.

आधी त्या अकरा महिन्यांबद्दल. नोंदणी कायदा 1908 चा. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवलाच पाहिजे, असं त्याचं सतरावं कलम सांगतं. नोंदणीचा खर्च आणि खेप वाचवायला लोकांनी एक महिना कापला आणि अकराचा आकडा रूढ झाला. महाराष्ट्रात मात्र ही पळवाट केव्हाच बुजली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, लागू झाला 31 मार्च 2000 पासून. त्याच्या 55 व्या कलमानुसार करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मग मुदत अकरा महिन्यांची असो की तीन वर्षांची. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. त्यानं ती टाळली तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतं. तरीही नोटरीचा शिक्का मारलेला कागद अजून सर्रास चालतो. वाचतात किती, ते बघा. भाडं सात हजार, डिपॉझिट पंचवीस हजार, मुदत अकरा महिने असं धरलं, तर शेकडा चार आणे दरानं मुद्रांक शुल्क दोनशे रुपयांच्या आसपास येतं. ग्रामीण भागात नोंदणी फी 500 रुपये. एवढ्यासाठी लोक कोर्टाची पायरी ओढवून घेतात, हे मला कधीच पटलेलं नाही.

मग तारीख जवळ आली की घरमालक इतका अस्वस्थ का होतो? त्याचं मूळ 1973 सालात आहे. तेव्हा 1947 चा मुंबई भाडे कायदा होता आणि त्याच्या कचाट्यातून सुटायला मालक ‘लायसन्स’ देत : तू भाडेकरू नाहीस, मी फक्त राहायला परवानगी दिली आहे. सरकारनं कायद्यात 15-अ हे कलम घातलं, आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू करारानं लायसन्सवर राहणारे लोक त्या दिवसापासून संरक्षित भाडेकरू झाले. आदल्या रात्रीपर्यंत पाहुणा असलेला माणूस सकाळी हक्कदार. त्या धक्क्याची आठवण घरमालकांच्या दोन पिढ्यांनी जपली. त्यातल्या अनेकांना 15-अ हे नावही ठाऊक नसेल, पण ‘माणूस घरात बसला तर निघत नाही’ ही भीती तिथूनच आली.

आजचा कायदा मालकाच्या बाजूनं चांगलाच कडक आहे. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपताच परत द्यायची, असं 24 वं कलम सांगतं. दिली नाही तर मालक दिवाणी कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि जागा सुटेपर्यंत दुप्पट दरानं भरपाई मागू शकतो. सात हजार भाडं असेल तर महिन्याला चौदा हजार. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. हा कायदा त्याच्या अनुसूचींमध्ये दिलेल्या क्षेत्रांना लागू होतो. अनुसूचीबाहेरच्या गावात भाडेपट्टा असेल तर 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, लायसन्स असेल तर त्याच वर्षीचा सुविधाधिकार कायदा. आपलं गाव कुठे मोडतं, हे वकिलाला एकदा विचारून घ्या. एजंटला नव्हे.

मुदत संपल्यावर तसंच राहणं, हा आपल्याकडचा सगळ्यात आवडता प्रकार. ‘राहा की, घाई काय आहे’ असं मालक म्हणतो, महिन्याचं भाडं फोनवरून जातं, कागद कुणी काढत नाही. भाडेपट्टा असेल आणि मालक भाडं घेत असेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 116 व्या कलमानं तो महिन्या-महिन्याचा होतो आणि उठवायला पंधरा दिवसांची नोटीस लागते. लायसन्सला हे संरक्षण नाही. भाडेकरूच्या हाती मोबाइलमधल्या पावत्या, मालकाच्या हाती संपलेल्या तारखेचा करार. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात आणि हंगाम सरला की राहुट्या उठतात. तिथे मुक्काम किती, हे सगळ्यांना माहीत असतं. खोलीच्या बाबतीत तेवढी स्पष्टता नसेल तर नवा करार करा, नाहीतर निघा. ठरलेली मुदत संपताना कायद्यानं वेगळी नोटीस लागत नाही, पण महिनाभर आधी मेसेज टाकून ठेवावा. तो पुढे पुरावा म्हणून कामाला येतो.

आता प्रत्यक्ष दिवस. सामान टेम्पोत चढण्याआधी जिन्याखाली जा आणि मीटरचा फोटो काढा, आकडे आणि मीटर क्रमांक दोन्ही दिसतील असा. लाईटबिल बहुधा मालकाच्या नावावर असतं आणि शेवटचं बिल तुम्ही गेल्यावर येतं. ‘बिल आलं की डिपॉझिट देतो’ हे वाक्य तिथूनच सुरू होतं आणि दिवाळीपर्यंत चालतं. बिलावर मागचं आणि चालू रीडिंग छापलेलं असतं. मागच्या बिलात 90 युनिटचे 810 रुपये आले असतील तर युनिटला सरासरी नऊ रुपये पडले. त्यानंतर 40 युनिट जळाले असतील तर 360. उभ्या उभ्या हिशेब होतो, तेवढे कापून घ्या म्हणावं. घरपट्टी मालकाची, करारात वेगळं लिहिलं असेल तरच तुमची.

रंगावरून खरी वादावादी होते.

‘गुरुजी, रंगाचे पाच हजार कापतोय बरं का.’

‘अण्णा, तीन वर्षं राहिलो. रंग तर मी येण्याआधीचाच होता.’

गुरुजींचं म्हणणं बरोबर आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 108 व्या कलमात भाडेकरूनं जागा मिळाली तशी परत करावी असं आहे, पण साध्या वापरानं होणारी झीज त्यातून वगळली आहे. उन्हानं विटलेला रंग, नळाचा सैल झालेला वायसर, कपाटाच्या मागची काळी रेघ ही झीज. फुटलेलं बेसिन, दाराला पडलेलं भोक, पोरानं भिंतभर काढलेला हत्ती हे नुकसान. त्याचे पैसे द्यावे लागतील आणि ते द्यावेतच. ‘रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापून घेतलं जाईल’ असं करारात आधीच लिहिलेलं असेल, तर मात्र गुरुजींना सही करतानाच बोलायला हवं होतं. तुम्ही लावलेला गिझर किंवा पंखा काढून नेता येतो, पण ताबा असेपर्यंतच आणि जागा मूळच्या स्थितीत ठेवून. म्हणजे भोकं बुजवूनच.

किल्ली देताना ताबा पावती घ्या. साध्या कागदावर चालते : अमुक तारखेला खोली रिकामी करून दिली, इतक्या किल्ल्या परत केल्या, मीटरचं रीडिंग इतकं, डिपॉझिटपैकी इतकं मिळालं, इतकं बाकी. खाली दोघांच्या सह्या. हा कागद मालकाच्याही फायद्याचा आहे, कारण दुप्पट भरपाईचं घड्याळ नेमकं कधी थांबलं हे त्यावरूनच ठरतं.

डिपॉझिटच्या बाबतीत मात्र कायद्याचं पारडं एका बाजूला झुकलेलं आहे. भाडेकरू जास्त राहिला तर दुप्पट. मालकानं पैसे अडवून ठेवले तर त्याला तसा दुप्पटीचा काही फटका नाही. केंद्रानं 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं, आणि ते ताबा घेण्याच्या दिवशीच परत द्यायचं, असं आहे. तो नमुना आहे. राज्य स्वीकारील तेव्हाच त्याचा उपयोग. तोवर मार्ग जुनाच : पोस्टानं लेखी नोटीस, आणि तरीही पैसे आले नाहीत तर तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा. पंधरा-वीस हजारांसाठी जुन्नर कोर्टाच्या तारखा कोण धरणार, हे मालकालाही माहीत असतं. म्हणून शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घ्यायचं, असं पुष्कळ भाडेकरू परस्पर ठरवतात. ते लेखी संमतीनं करा. नुसतं भाडं थांबवलंत तर थकबाकीदार तुम्ही ठरता.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. मुदत संपली म्हणून मालकानं परस्पर कुलूप घालणं किंवा सामान बाहेर काढणं कायद्यात बसत नाही. कायद्याचा मार्ग सोडून बाहेर काढलेल्या माणसाला ताबा परत मिळवण्यासाठी 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या सहाव्या कलमाखाली सहा महिन्यांच्या आत दावा करता येतो.

हे सगळं राहत्या खोलीचं झालं. मार्केटजवळच्या गाळ्याला 24 वं कलम लागत नाही, कारण ते फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेबद्दल आहे. गाळेवाल्यांचा करार संपतो तेव्हा काय होतं, ते पुढच्या आठवड्यात.