सरहद्दीच्या आधाराने लांबवलेला लढा

मराठवाड्यातल्या किल्लारीचा मुलूख १९४८ साली निजामाच्या हैदराबाद राज्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होता. निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकार या सशस्त्र संघटनेचा नेता कासिम रझवी लातूरचा वकील. त्याच्यामागे पोलीस, फौज आणि तिजोरी होती. निजामाचे राज्य भारतात विलीन व्हावे म्हणून झटणारे हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते मात्र मोजकी शस्त्रे घेऊन लढत होते आणि स्वामी रामानंद तीर्थांसारखे नेते तुरुंगात होते. तरीही लढा टिकला, याचे मोठे कारण भूगोलात आहे. मराठवाड्याला लागून सोलापूर, विदर्भ असा भारतीय मुलूख होता. तिथल्या सरहद्दीवरच्या कॅम्पांतून कार्यकर्त्यांच्या तुकड्या आत शिरत, करोडगिरीचे नाके आणि पोलीस ठाणी उधळत आणि परतत. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटून त्यांनी सुमारे २१ लाख रुपये लढ्यासाठी मिळवले. गाव जिंकून राखण्याचा हट्ट नव्हता. नाका जळाला की जकात थांबे आणि निजामाचा अंमल तेवढ्यापुरता उठे.

शेवटी भारतीय फौजेने १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांतच निकाल लावला, मग या धडपडीने साधले काय, असा आक्षेप घेतला जातो. फौजेविना निजाम नमला नसता, हे खरेच. पण २९ नोव्हेंबर १९४७ च्या भारताशी झालेल्या जैसे थे कराराने निजामाला एका वर्षाची सवड मिळाली होती, आणि त्या वर्षात प्रजा आपल्यामागे आहे असे जगाला दाखवणे त्याला गरजेचे होते. तेच या कार्यकर्त्यांनी होऊ दिले नाही. सरहद्दीचा आसरा होता म्हणून त्यांचे श्रेय कमी होत नाही: आतल्या गावांनी भाकरी, वाट आणि बातमी पुरवली नसती, तर तुकड्या रात्रभरही आत टिकल्या नसत्या. रझाकारांचा सूडही त्याच गावांनी सोसला.