फायनान्सची प्लेसमेंट हुकली? उशिरा का होईना, लिंक्डइनवर ओळखी अशा काढा

मागच्या वर्षी मार्चमध्ये आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऑफर लेटरचे स्क्रीनशॉट पडायला लागले, तेव्हा माझ्याकडे टाकायला काहीच नव्हतं. बीएएफचं शेवटचं सेमिस्टर, कॅम्पसला यायच्या त्या कंपन्या येऊन गेलेल्या, आणि बाबा रोज जेवताना विचारायचे, "काय झालं रे?" ओळखी काढायचं काम सेकंड इयरपासून करायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. पण एप्रिल-मेमध्येही जागा निघतात, आणि त्या का निघतात हे समजलं की कोणाला मेसेज करायचा तेही समजतं.

मुंबई-पुण्यात परदेशी बँकांची जी ऑफिसं आहेत, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी बोनस वर्षाच्या सुरुवातीला होतो. आपल्याकडच्या कंपन्यांचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, मग पगारवाढ. पैसे हातात पडले की लोक राजीनामे टाकतात. त्यांचा नोटीस पीरियड दोन-तीन महिन्यांचा असतो, तेवढ्यात टीमला माणूस हवा असतो. शिवाय ऑफर घेतलेली काही मुलं ऐनवेळी येतच नाहीत, कोणी एमबीएला जातं, कोणाला दुसरीकडे जास्त मिळतं. अशा रिकाम्या जागेला तिथे 'बॅकफिल' म्हणतात. एका जागेसाठी कोणी परत कॅम्पसला येत नाही. मॅनेजर टीमलाच विचारतो, "कोणी आहे का ओळखीचं?"

इथे रेफरल येतं. कर्मचारी तुमचा सीव्ही कंपनीच्या आतल्या पोर्टलवर टाकतो. तुम्ही लागलात आणि काही महिने टिकलात, तर बऱ्याच कंपन्या त्याला बक्षीस देतात. म्हणजे रेफरल मागणं ही भीक नाही, त्याचाही फायदा असतो. एक गोम मात्र आहे. तुम्ही आधीच वेबसाइटवर अर्ज भरला असेल, तर अनेक ठिकाणी नंतरचं रेफरल धरत नाहीत. त्यामुळे आधी माणूस शोधा, अर्ज नंतर.

माणूस शोधायला लिंक्डइनवर तुमच्या कॉलेजचं पेज उघडा, त्यात 'अ‍ॅलम्नाय' टॅब असतो. कोण कुठल्या कंपनीत आणि कुठल्या कामात आहे ते तिथे गाळून बघता येतं. मोबाइलवर जमतं, पण लॅपटॉप मिळाला तर सोपं जातं. व्हाइस प्रेसिडेंट वगैरे शोधत बसू नका. तुमच्या एक ते तीन वर्षं पुढे असलेली मुलं-मुली बघा. शेजारची खुर्ची कधी रिकामी होणार हे त्यांनाच आधी कळतं.

मी सुरुवातीला काय केलं? "आदरणीय सर, मी मेहनती आहे" छापाचा एकच मेसेज चाळीस जणांना चिकटवला. उत्तरं दोन आली, त्यातलं एक नुसता अंगठा. फुकट खात्यातून रिक्वेस्टसोबत चिठ्ठी महिन्याला मोजक्याच लोकांना पाठवता येते, तीही साधारण २०० अक्षरांची. मग मी असं लिहिलं: "ताई, मी आपल्याच कॉलेजचा, बीएएफ थर्ड इयर. तुम्ही फंड अकाउंटिंगला आहात. काम रोज कसं चालतं, हे १० मिनिटं फोनवर विचारू का? परीक्षा एप्रिलला संपते, मेपासून लगेच येऊ शकतो."

शेवटचं वाक्य गाळू नका. बॅकफिलला लगेच येणारा माणूस हवा असतो आणि फ्रेशरला नोटीस पीरियड नसतो. उशीर झालाय हे लपवण्यापेक्षा 'मी मोकळा आहे' हे सांगितलेलं बरं.

वेळही बघा. मी रात्री आठला मेसेज टाकायचो आणि उत्तर नाही म्हणून चिडायचो. म्युच्युअल फंडाच्या बहुतेक योजनांची त्या दिवसाची एनएव्ही रात्री ११ पर्यंत जाहीर करावी लागते, म्हणजे संध्याकाळ ही त्यांची ऐन धावपळीची वेळ. ताईंचं उत्तर आलं सकाळी, लोकलमधून.

फोनवर मी नोकरी मागितली नाही. काम विचारलं, एक्सेल कितपत लागतं ते विचारलं, शेवटी "टीममध्ये कोणी निघालं तर माझा सीव्ही टाकाल का?" एवढंच. त्या हो म्हणाल्या. आणि मी त्यांना ड्राइव्हची लिंक पाठवली, जी फक्त मलाच उघडत होती! तीन दिवस त्यांची परवानगीची रिक्वेस्ट माझ्या न उघडलेल्या जीमेलमध्ये पडून. तेवढ्यात त्या टीमची जागा भरली. तेव्हापासून पीडीएफच पाठवतो, फाइलचं नाव स्वतःचं, 'फायनल२न्यू' नाही.

ताईंनी महिन्याभराने दुसऱ्या टीमसाठी सीव्ही टाकला. मालाडला सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, पगार तिसऱ्याच कंपनीकडून. वर्गातल्या ऑफरपेक्षा कमी, पण सीव्हीवर एक ओळ आली. बाबांना कॉन्ट्रॅक्ट म्हणजे काय हे समजवायला मात्र दोन रात्री गेल्या.

अशा दिवसांत फसवणारेही घिरट्या घालतात. टेलिग्रामवर "बँकेत थेट जॉइनिंग, ट्रेनिंगचे पाच हजार भरा" असं आलं की ब्लॉक करा. ईमेलचा पत्ता कंपनीच्या डोमेनचा आहे का ते अक्षर न् अक्षर तपासा. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन लावा.