विटाळ की विषाणू?

2003 साली मी सातवीत होतो. गावच्या शाळेत एके दिवशी प्रार्थनेच्या वेळीच पोरांना उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी निम्मे वर्ग रिकामे. खिचडी शिजवणारी मावशी आमच्या वस्तीतली. गावाने निकाल दिला, "तिच्या हाताने झाले." चौकशी झाली नाही. मावशीचे काम गेले.

माझ्याच बाकावरचा पाटलाचा पोरगा घरून डबा आणायचा. खिचडीला तो शिवतही नव्हता. तोही आजारी पडला. पण ते कोणी विचारातच घेतले नाही.

आज मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. अशा साथीचा तपास कसा करतात, हे आपल्या कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी समजून घ्यावे, असे मला वाटते.

अमेरिकेत ओहायो राज्यातील नॉरवॉक गावी ऑक्टोबर 1968 मध्ये एका प्राथमिक शाळेत अशीच साथ आली. दोन दिवसांत निम्मे विद्यार्थी व शिक्षक आजारी पडले. पुढे त्यांच्या घरच्यांपैकी सुमारे एक तृतीयांश माणसे पडली. जिवाणू सापडला नाही. 1972 साली अल्बर्ट कापिकियन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, साठवलेल्या विष्ठेच्या नमुन्यांतून विषाणू दाखवला. गावाच्या नावावरूनच तो पुढे 'नोरोव्हायरस' झाला.

तपासाची रीत साधी आहे. आधी रुग्ण कोणाला म्हणायचे ते ठरवायचे. मग हजेरीपट घेऊन प्रत्येकाला त्रास कधी सुरू झाला ते लिहायचे. हा विषाणू शरीरात गेल्यावर साधारण 12 ते 48 तासांनी त्रास देतो; म्हणून आजची नव्हे, काल-परवाची हकिकत विचारायची. बहुतेक जण एक-दीड दिवसातच पडले, तर अन्न वा पाणी असे एकच मूळ असण्याचा संभव. रुग्ण रोज थोडेथोडे, बाकामागून बाक वाढले, तर माणसाकडून माणसाकडे.

नंतर मोजदाद. समजा, खिचडी खाल्लेल्या 60 मुलांपैकी 30 आजारी आणि न खाल्लेल्या 40 पैकी 20 आजारी. दोन्हीकडे प्रमाण निम्मेच. मग खिचडीवर आरोप कसा टिकणार? हाच हिशेब पाण्याच्या टाकीचा आणि खाऊचा करायचा. त्याच वेळी विष्ठेचे नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे. एकट्या पाटलाच्या पोरावरून काही सिद्ध होत नाही, हे खरे. पण सगळ्यांना विचारायला तेवढे एक कारण पुरेसे होते.

स्वयंपाकीण खरोखरच आजारी असेल तर? तर तिच्या हातून विषाणू अन्नात जाऊ शकतो. तो ब्राह्मणाच्या हातूनही जातो. त्रास थांबल्यावर निदान 48 तास तिने स्वयंपाक करू नये. पण त्या दिवसांचे पैसे कापले जाणार असतील, तर ती घरी कशी राहील? शाळेच्या संडासात पाणी आहे का, साबण आहे का? तपास या प्रश्नांपर्यंत गेला पाहिजे. नोरोव्हायरसला नुसते सॅनिटायझर पुरत नाही; साबण आणि वाहते पाणी लागते. उलटी पडलेली जागा ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने पुसावी लागते.

1927 साली आपली माणसे महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याली, तेव्हा ते 'शुद्ध' करायला त्यात शेण आणि गोमूत्र ओतले गेले. विटाळाचे शास्त्र असे आहे! विटाळ जन्माला चिकटवलेला असतो, कितीही हात धुतले तरी जात नाही. विषाणू कोणाच्याही हाताला चिकटतो आणि धुतल्याने जातो. विटाळाला पुरावा लागत नाही, विषाणूला लागतो.

म्हणून उद्या तुमच्या शाळेत साथ आली आणि एखाद्या मावशीकडे बोट दाखवले गेले, तर आधी हजेरीपट मागा. वही काढा आणि विचारायला सुरुवात करा : कोणी खाल्ले, कोणी खाल्ले नाही, कोण कधी पडले. आमच्या मावशीच्या वाट्याला अशी एक वही आली नाही.