दोन ठिणग्या आणि बारा वर्षे

नगर जिल्ह्यात दुचाकी ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. दुधाचे कॅन, कडब्याच्या पेंढ्या, शाळेत जाणारी दोन पोरे आणि मागे बसलेली त्यांची आई, असा सगळा संसार एका गाडीवर नेणारी माणसे आपल्याकडे रोज दिसतात. 1972 मध्ये कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना आली ती नगरच्याच कारखान्यातून, आणि ज्यांना स्कूटर परवडत नव्हती अशा कितीतरी मास्तरांच्या, पोस्टमनच्या आणि कारकुनांच्या घरापुढे ती उभी राहिली. 2024 मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले आणि त्याच वर्षी लुनाही विजेवर चालणारी होऊन परत आली. दुचाकीशी आपले नाते असे जुने आहे. म्हणूनच दुचाकीच्या एका लहानशा भागावरून झालेले एक मोठे भांडण नगरकरांनी समजून घेण्यासारखे आहे.

बजाजची पल्सर ज्यांच्या घरी आहे त्यांना गॅरेजवाल्याने कधीतरी सांगितले असेल, ‘साहेब, हिला प्लग दोन लागतात.’ 2003 पासून पल्सरवर ‘डीटीएस-आय’ ही अक्षरे आली, ती या दोन प्लगची. या दुसऱ्या प्लगवरून पुण्याजवळच्या आकुर्डीची बजाज ऑटो आणि तमिळनाडूची टीव्हीएस मोटर या दोन कंपन्या बारा वर्षे न्यायालयात भांडत राहिल्या.

आधी प्लगचे समजून घेऊ. चार स्ट्रोकच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पिस्टनने दाबले जाते आणि प्लगच्या ठिणगीने ते पेटते. ज्योत प्लगपाशी सुरू होते आणि तिला सिलिंडरच्या दुसऱ्या बाजूपर्यंत पोचायला अगदी थोडा का होईना, वेळ लागतो. पेट्रोल वाचावे म्हणून मिश्रणात हवा वाढवली आणि पेट्रोल कमी केले की ज्योत आणखी रेंगाळते. चुलीत ओली लाकडे घातल्यावर होते तसेच काहीसे. मग दोन्ही बाजूंनी पेटवले तर? समोरासमोर दोन प्लग बसवले तर ज्वलन लवकर आणि पुरते होईल, ही त्यामागची कल्पना. अडचण जागेची होती. लहान दुचाकीच्या सिलिंडरचा व्यास जेमतेम 45 ते 70 मिलिमीटर. एवढ्याशा जागेत दुसरा प्लग बसवायचा आणि इंजिनातील तेल त्याच्यापर्यंत पोचू द्यायचे नाही, यासाठी प्लगभोवती नळीसारखे आवरण घालावे लागले. बजाजने 16 जुलै 2002 रोजी या रचनेसाठी अर्ज केला आणि 7 जुलै 2005 रोजी तिला 195904 क्रमांकाचे पेटंट मिळाले.

2007 मध्ये टीव्हीएसने 125 सीसीची ‘फ्लेम’ नावाची मोटारसायकल आणायचे ठरवले. तिच्यातही दोन प्लग होते. बजाजने हे आमच्या हक्काचे उल्लंघन आहे म्हणून जाहीरपणे सांगितले. टीव्हीएसने उलट बजाजचे पेटंटच रद्द करा म्हणून चेन्नईच्या बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे अर्ज केला आणि बदनामीचा दावाही ठोकला. बजाजने मद्रास उच्च न्यायालयात दावा लावला. टीव्हीएसचे म्हणणे असे, की दोन प्लगची कल्पना जगाला नवी नाही, होंडाच्या एका जुन्या अमेरिकन पेटंटात ती आहे. शिवाय आमच्या इंजिनाला तीन व्हॉल्व्ह आहेत, बजाजच्या इंजिनाला दोन, आणि आमचे तंत्र ऑस्ट्रियाच्या एव्हीएल कंपनीच्या मदतीने केलेले आहे. बजाजचे उत्तर असे, की व्हॉल्व्ह किती आहेत हा प्रश्नच नाही. इतक्या लहान इंजिनात दोन प्लगने काम साधले, हेच तर आमचे संशोधन.

16 फेब्रुवारी 2008 रोजी एकसदस्यीय न्यायालयाने दोन प्लगची फ्लेम विकण्यास मनाई केली. टीव्हीएसने काय करावे? तिने दुसरा प्लग काढून टाकला आणि एका प्लगची फ्लेम बाजारात आणली. 18 मे 2009 रोजी त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने मनाई उठवली. बजाज सर्वोच्च न्यायालयात गेली. 16 सप्टेंबर 2009 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्नाला हातच घातला नाही. दावा डिसेंबर 2007 चा, आणि प्रतिवादीची लेखी कैफियतसुद्धा अजून दाखल नाही, भांडण चालले आहे ते सगळे तात्पुरत्या मनाईवर, याबद्दल न्यायमूर्तींनी नाराजी दाखवली. पेटंट, व्यापारचिन्ह आणि कॉपीराइटचे दावे रोजच्या रोज चालवून साधारण चार महिन्यांत निकाली काढावेत असे त्यांनी बजावले. तोवर टीव्हीएसने गाडी विकावी, पण विक्रीचा चोख हिशेब ठेवावा, असे सांगून त्यासाठी रिसीव्हर नेमायलाही सांगितले.

चार महिन्यांची दहा वर्षे झाली. 2019 मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसांत तडजोड केल्याचे जाहीर केले आणि एकमेकांवरचे दावे मागे घेतले. तोवर फ्लेम केव्हाच बंद पडली होती. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे, म्हणजे 2022 पर्यंत. तिच्यातली तीनच वर्षे उरली होती. ज्या प्लगने ज्वलन लवकर व्हावे म्हणून एवढा खटाटोप, त्याचे भांडण मात्र ओल्या लाकडासारखे धुमसत राहिले.

या गोष्टीला एक मागची बाजूही आहे. बजाजचा स्कूटर मुळात इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्याने बनत असे. 1971 मध्ये परवाना संपला, त्याचे नूतनीकरण झाले नाही, आणि पुढच्याच वर्षी ‘चेतक’ आली. चेहरामोहरा ओळखीचाच होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बजाज परदेशात स्कूटर विकू लागली तेव्हा पियाजिओने तिच्यावर तिकडच्या न्यायालयांत दावे लावले. म्हणजे एकेकाळी जो आरोपी होता, तोच पंचवीस वर्षांनी फिर्यादी झाला. यात हसण्यासारखे काही नाही. जपानने हेच केले, कोरियाने हेच केले. आधी शिकायचे, मग सुधारायचे, आणि स्वतःचे काही तयार झाले की त्याला कुंपण घालायचे. नक्कल करायलाही अक्कल लागते असे आपल्याकडे म्हणतातच. त्या अकलेतून पुढे अस्सल काही निपजते.

हे फक्त मोठ्या यंत्रांच्या बाबतीत होते असे नाही. परदेशात ‘पेंटबॉल’ नावाचा खेळ आहे. वनखात्याच्या लोकांना झाडांवर आणि गुराख्यांना गुरांवर लांबून खूण करता यावी म्हणून रंगाच्या गोळ्या उडवणारे एक पिस्तूल अमेरिकेत निघाले होते. 27 जून 1981 रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात बारा जणांनी ते घेऊन लुटुपुटीची लढाई केली, आणि खेळ सुरू झाला. खेळ वाढला तशी पिस्तुले सुधारली, त्यांत विजेवर चालणारे झडपेचे तंत्र आले, आणि मागोमाग पेटंटची भांडणे आली. पेनसिल्व्हेनियातील स्मार्ट पार्ट्स नावाच्या कंपनीने आपल्या पेटंटच्या जोरावर अनेक प्रतिस्पर्ध्यांना न्यायालयात खेचले. 2010 मध्ये ती कंपनी स्वतःच बंद पडली. त्या पहिल्या खेळात जिंकला तो एक वनकामगार. त्याने एकही गोळी झाडली नव्हती.

मी आयुष्यभर बँकेत काम केले. कागदाची किंमत काय असते हे बघणे हाच आमचा धंदा. सात-बारा, मुदत ठेवीची पावती, विम्याची पॉलिसी, प्रत्येकाचे वजन आम्हाला ठाऊक असे. शासकीय मराठीत पेटंटला ‘एकस्व’ म्हणतात. शब्द भारदस्त आहे. पण पेटंट कायद्याच्या तेराव्या कलमातच लिहिले आहे, की पेटंट दिले म्हणून ते वैध आहे अशी हमी सरकार देत नाही. बँकेची हमी असती तर आम्ही डोळे मिटून पैसे दिले असते. पेटंट हा फक्त न्यायालयाचे दार ठोठावण्याचा हक्क आहे. ते दार उघडेपर्यंत बाहेर किती दिवस उभे राहता येईल, हे ज्याच्या त्याच्या खिशावर ठरते. बजाज आणि टीव्हीएस बारा वर्षे उभ्या राहिल्या, कारण मधल्या काळात त्यांच्या दुसऱ्या गाड्या लाखांनी खपत होत्या.

आता हाच हिशेब नगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या किंवा राहुरी, श्रीरामपूर, नेवासे भागातल्या एखाद्या वर्कशॉपला लावून पाहा. ऊस, कांदा आणि डाळिंबाचा हा मुलूख. शेतकऱ्याची अडचण ऐकून वेल्डिंग मशीन आणि लेथवर काहीतरी नवे घडवणारे कारागीर इथे गावोगाव आहेत. असाच एक कर्जदार माझ्या शाखेत होता. त्याने कांद्याचे बी पेरायच्या यंत्रात अशी सुधारणा केली की बी सारख्या अंतरावर पडे. कृषी प्रदर्शनात त्याच्या गाळ्यापुढे गर्दी झाली, लोकांनी यंत्राची मापे घेतली, आणि पुढच्या हंगामात तीन ठिकाणी तसेच यंत्र त्याच्याहून स्वस्तात मिळू लागले. तो माझ्यापुढे येऊन बसला आणि म्हणाला, ‘साहेब, केस करायची म्हणतो. कर्ज मिळेल का?’ मशिनरीला मुदत कर्ज मिळे, मालाला कॅश क्रेडिट मिळे; भांडायला कर्ज द्यायची योजना कोणत्याही बँकेत नव्हती. शिवाय त्याच्याकडे पेटंटही नव्हते, आणि प्रदर्शनानंतर ते मिळण्याची वाटही जवळजवळ बंद झाली होती.

ती का, हे अशा प्रत्येक घरात माहीत असायला हवे. पेटंट मिळायचे तर गोष्ट नवी असावी लागते. अर्जाआधी ती चारचौघांत दाखवली, विकली किंवा छापून आणली की तिचे नवेपण संपते, मग दाखवणारा स्वतः संशोधक का असेना. केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनाला बारा महिन्यांची सवलत आहे, पण आपली बहुतेक प्रदर्शने त्यात बसत नाहीत. म्हणून आधी अर्ज आणि मग गाळा, हा क्रम हवा. पूर्ण तयारी नसेल तर तात्पुरते विवरण देऊन तारीख पक्की करता येते आणि पूर्ण विवरणाला बारा महिने मिळतात. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 1,600 रुपये आहे, मोठ्या कंपनीला 8,000. तपासणीची, पुढे दरवर्षाची आणि एजंटची फी वेगळी. यंत्राच्या बाह्य रूपासाठी डिझाइनची नोंदणी वेगळी होते, ती दहा वर्षांची आणि पुढे पाच वर्षे वाढणारी. शेती करण्याच्या पद्धतीला मात्र आपल्या कायद्यात पेटंट नाही, अवजाराला आहे. एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुष्कळ गोंधळ वाचेल.

आणि समजा, पेटंट मिळाले. नक्कल करणाऱ्यावर दावा जिल्हा न्यायालयात लावता येतो. पण समोरच्याने ‘हे पेटंटच रद्द करा’ असा प्रतिदावा केला की प्रकरण उच्च न्यायालयात जाते. नगरकरांसाठी ते म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ. बजाज-टीव्हीएसच्या वेळी होते ते अपील मंडळ 2021 मध्ये बंद झाले, त्याचे कामही आता उच्च न्यायालयांकडे आले आहे. आज नगर, उद्या संभाजीनगर, वकिलाची फी, तज्ज्ञाचा अहवाल. लेथ तोवर कोण चालवणार?

मग पेटंट घ्यायचेच नाही का? माझे मत तसे नाही. घ्यावे, पण ते तिजोरीतल्या सोन्यासारखे समजू नये. त्याचा खरा उपयोग बोलणी करताना होतो. एखादी मोठी कंपनी दारात आली तर हातात काही दाखवायला असते. शेजारच्या वर्कशॉपने नक्कल केली तर त्याला परवाना देऊन नगामागे काही रक्कम ठरवता येते. बजाज आणि टीव्हीएस अखेर जिथे पोचल्या तिथे, म्हणजे समोरासमोर बसण्यापर्यंत, आपल्याला पहिल्याच वर्षी पोचता येते. 2018 नंतर व्यापारी दाव्यांत, तातडीचा आदेश मागायचा नसेल तर, आधी मध्यस्थी करावी असे कायदाच सांगतो. आपल्या गावपंचायतीला हे ऐकून नवल वाटणार नाही.

सरकारचीही एक जबाबदारी राहते. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, नगरला लष्करी वाहनांची चाचणी घेणारी व्हीआरडीई ही संस्था आहे. एवढ्या जाणकार संस्था ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे वर्कशॉपमधल्या माणसाला आपल्या यंत्राचे विवरण मराठीत लिहून घेणारा, आधीचे पेटंट शोधून देणारा कोणी भेटू नये, ही गोष्ट मनाला पटत नाही. आठवड्यातून एक दिवस असे एखादे टेबल मांडले तरी चालेल.

त्या कांद्याच्या यंत्रवाल्याने पुढे केस केली नाही. त्याने यंत्र दुरुस्तीची सोय गावोगाव पोचवली, पेरणीच्या दिवसांत रात्री-अपरात्री फोन आला तरी सुटा भाग घेऊन तो स्वतः जाई, आणि त्याचे कर्ज मुदतीआधी फिटले. त्याचे यंत्र पाहून ज्यांनी यंत्रे केली त्यांतल्या दोघांनी नंतर सुटे भाग त्याच्याचकडून घेतले. त्याचे नाव कोणत्याही नोंदवहीत नाही. ते असायला हवे होते, असे मला अजूनही वाटते.