‘कोबाल्ट ब्ल्यू’मधील जोशी कुटुंब : सुस्थित घरातील मौनाचे स्वरूप

उपनगरातील सुस्थित माणसांच्या स्खलनशीलतेचे चित्रण म्हटले की रिचर्ड येट्स यांच्या ‘रेव्होल्यूशनरी रोड’ (१९६१) या कादंबरीचे स्मरण होते. तिच्या केंद्रस्थानी एक अमेरिकन दांपत्य आहे. मराठीत या आशयसूत्राच्या निकट जाणाऱ्या सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्ल्यू’ (२००६) या कादंबरीच्या केंद्रस्थानी मात्र दांपत्य नसून आईवडील व वयात आलेली मुले यांचे संपूर्ण घर आहे. हा भेद केवळ तपशिलाचा नव्हे.

पुण्यातील जोशी कुटुंब घरातील एक खोली ‘पेइंग गेस्ट’ला देते. भाडे मिळते, भाडेकरू मदतीस तत्पर असतो, संस्कृतीच्या ऱ्हासाविषयी आईचे बोलणेही ऐकून घेतो. त्याच्या पूर्वायुष्याचा थांग लागत नाही. तशी निकडही कोणास वाटत नाही. तनय आणि अनुजा ही भावंडे परस्परांच्या नकळत त्याच्यात गुंततात. अनुजा त्याच्यासह निघून जाते, पुढे एकटीच परतते.

या कादंबरीचे मर्म तिच्या निवेदनपद्धतीत आहे. पूर्वार्धात तनय निघून गेलेल्या त्या पुरुषालाच ‘तू’ म्हणून उद्देशून बोलतो, कारण ऐकणारे दुसरे कोणी घरात नाही. उत्तरार्ध अनुजाच्या रोजनिशीसारख्या लेखनाचा आहे. एकाच पुरुषाच्या विरहाने व्याकुळ झालेली दोन माणसे एका छपराखाली राहतात, पण परस्परांचे सांत्वन करू शकत नाहीत. अनुजाचे दुःख घराला निदान बदनामी म्हणून तरी दिसते. तनयचे दुःख दुःख म्हणूनही दिसत नाही. आईवडील क्रूर नाहीत, हे येथे विशेष महत्त्वाचे. पाहण्याजोगे तेवढेच पाहावे, ही त्यांची सवय आहे. आणि ती भावंडांतही उतरली आहे.

कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा समलिंगी संबंध कलम ३७७ खाली गुन्हा होते. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून २०१८ मध्ये वगळले. तथापि कायद्यापेक्षा कादंबरीचे लक्ष घराच्या नजरेवर आहे. जेरी पिंटो यांच्या २०१३ मधील इंग्रजी अनुवादानंतर ती बहुधा समलिंगी प्रेमाची कथा म्हणूनच वाचली गेली. हे वाचन चुकीचे नव्हे, पण त्यात अनुजाचा अर्धा भाग दुय्यम ठरतो.

जोशींचे घर वाघोलीतले नाही. परंतु २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या या गावाच्या गृहसंकुलांत, खराडीतील नोकरदार आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्यामुळे, ‘पेइंग गेस्ट’ ही परिचित व्यक्तिरेखा आहे. कादंबरी शिकविताना हा प्रवेशबिंदू अध्यापकास सहज उपलब्ध होतो : वर्गातील काही विद्यार्थी स्वतःच अशा खोलीत राहणारे असतात, आणि पूर्वायुष्य अज्ञात राहिलेला तो भाडेकरू त्यांना जोशी कुटुंबाहूनही जवळचा वाटू शकतो. त्याची बाजू कादंबरीत कोठेही येत नाही.