सायकलवाल्याला गाडीने उडवलं, तर?
पायी किंवा सायकलवर असताना गाडीने ठोकलं की ‘हजार-दोन हजार घे, मिटव’ म्हणणारे लगेच जमतात. मिटवू नका. आधी पोलिसांत नोंद करा, दवाखान्याचे कागद जपा. भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे, आणि दावा तुम्ही राहता तिथेही लावता येतो. मुदत सहा महिने धरून चला. गंभीर दुखापत असेल, तर चालकाची चूक सिद्ध न करताही मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली अडीच लाखांची तरतूद आहे. पण ते घेतले की मोठ्या रकमेचा दावा संपतो, म्हणून आधी वकिलाला विचारा. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही, तरी गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख मिळतात. त्यासाठीचा अर्ज मात्र प्रांत किंवा तहसीलदाराकडे करायचा. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं!